गाडी सुरू होत नाही तेव्हा: आधी कान, मग पाना

मुंबईतल्या बहुतेक खासगी गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. मालक आठवडाभर लोकलने कामाला जातो, पावसाळ्यात रविवारीही गाडी बाहेर काढण्याचा उत्साह नसतो, आणि मग गणपतीला गावी निघायचे म्हणून पहाटे चार वाजता सामान, मखर आणि माणसे भरून झाल्यावर चावी फिरवावी, तर बॉनेटखालून नुसती कटकट ऐकू येते. अशा वेळी सोसायटीच्या आवारात पाहता पाहता तीन सल्लागार जमतात. एक म्हणतो धक्का मारा, दुसरा म्हणतो बॅटरी बदला, तिसरा बॉनेट उघडून हाताला लागेल ती वायर हलवू लागतो. चावी फिरवल्यावर नेमका आवाज कसा आला, हे मात्र तिघांपैकी एकही विचारत नाही. वास्तविक निम्मे निदान त्या आवाजातच असते, आणि घाईघाईने दहा वेळा चावी फिरवली की तो पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो, कारण तोवर बॅटरी खरोखरच उतरलेली असते.

गाडी सुरू होण्याचा क्रम साधा आहे. बॅटरी सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरला, वीज देते, सेल्फ इंजिन फिरवतो, आणि फिरत्या इंजिनाला इंधन, हवा व ठिणगी वेळेवर मिळाली की ते स्वतःच्या बळावर धावू लागते. म्हणून पहिला प्रश्न एवढाच, की सेल्फ फिरतो की नाही. फिरत नसेल तर शोध बॅटरी, जोडण्या आणि सेल्फ यांच्यापुरता ठेवावा. सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन पकडत नसेल, तर बॅटरीकडे पाठ फिरवून इंधन आणि ठिणगी यांच्या मागे लागावे. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की माणूस नको त्या वस्तूवर पैसे खर्च करतो.

एक नियम सर्व प्रकारांना लागू आहे. सेल्फ एका वेळी पाच ते सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फदेखील इंजिन फिरवताना शंभर अँपिअरहून अधिक करंट ओढतो. तो काही क्षणांच्या कामासाठी बनवलेला असतो आणि सलग फिरवल्यास तापून जळू शकतो. शिवाय अॅक्सिलरेटर पंप करण्याची सवय सोडावी. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर होता, चोक ओढावा लागे, आणि पायाने दोनचार वेळा पेट्रोल आत ढकलणे हे शहाणपणाचे होते. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण तिच्या काळातले सल्ले अजून गेलेले नाहीत. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती द्यायचे ते संगणक ठरवतो, त्यामुळे सुरू करताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढून ठेवावा.

बॉनेट उघडण्यापूर्वी

गाडी रस्त्यात बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल, तर निदान नंतर आणि माणसे आधी. चारही इंडिकेटर लावावेत आणि शक्य असल्यास गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून डाव्या कडेला घ्यावी. पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर, ईस्टर्न फ्रीवेवर अथवा वांद्रे-वरळी सागरी सेतूवर गाडीच्या मागे उभे राहून डिकी उपसत बसणे हे जिवावर बेतणारे आहे. वाहतूक पाहून डाव्या बाजूच्या दारानेच उतरावे, परावर्तक त्रिकोण बऱ्याच मागे ठेवावा, सर्वांनी कठड्यापलीकडे सुरक्षित जागा मिळाल्यास तिथे थांबावे आणि गाडी धोक्याच्या जागी अडकली असल्यास ११२ वर कळवावे.

घरच्या पार्किंगमध्ये असाल तर आधी क्षुल्लक कारणे काढून टाकावीत, कारण अनुभवी माणूससुद्धा त्यांत फसतो. बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही, आणि पेडलखाली सरकलेली जाड रबरी मॅट तेवढ्यापुरती आड येते. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबलेला आणि लिव्हर पार्किंगच्या किंवा न्यूट्रलच्या खुणेवर असावा लागतो. लिव्हर नीट बसला नसेल असे वाटल्यास एका खुणेऐवजी दुसऱ्या खुणेवर प्रयत्न करून पाहावा. चावीच फिरत नसेल तर स्टिअरिंग लॉक झालेले असते, म्हणून चावीवर जोर न करता दुसऱ्या हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत चावी हलकेच फिरवावी. बटणाच्या गाडीत चावी सापडत नसल्याचा संदेश आला, तर चावीतला नाण्यासारखा सेल संपलेला असतो. अशा वेळी चावी बटणाला टेकवून किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून बटण दाबल्यास बहुतेक गाड्या सुरू होतात.

सीएनजीच्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. कंपनीतून सीएनजीसह आलेल्या अनेक गाड्यांत गॅस भरण्याच्या झाकणाला एक छोटा स्विच असतो आणि झाकण उघडे राहिले की गाडी सुरू होत नाही. रात्री पंपावर गॅस भरताना झाकण अर्धवट लावले गेले, गाडी कशीबशी ढकलून बाजूला घेतली आणि मग मेकॅनिकला फोन केला, असे प्रकार घडतात. तिथे फक्त बोटाने झाकण दाबायचे असते.

सेल्फ फिरत नाही

चावी पहिल्या टप्प्यावर आणून डॅशबोर्डकडे पाहावे आणि हेडलाइट लावून त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पाहावा. नंतर सेल्फ मारताना तो उजेड काय करतो, याकडे लक्ष द्यावे. डॅशबोर्ड पूर्ण अंधारात असेल, तर बॅटरी साफ उतरली आहे, टर्मिनल सुटले आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे. दिवे लागतात, पण सेल्फ मारताच मंद होतात आणि भराभर कटकट आवाज येतो, तेव्हा बॅटरीत सेल्फचा स्विच ओढण्याइतकी वीज आहे, पण इंजिन फिरवण्याइतकी नाही. हा मुंबईतला सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. दिवे लख्ख असताना एकच ठळक ‘टक्’ आवाज येऊन पुढे शांतता असेल, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरच्या जोडणीवर घ्यावा. दिवे लख्ख आणि आवाज मुळीच नाही, अशा वेळी क्लचचा स्विच, सेल्फचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) यांपैकी काहीतरी आडवे आलेले असते.

बॅटरीला दोष देण्यापूर्वी तिची टर्मिनल पाहावीत. खाऱ्या, दमट हवेत पांढरी किंवा हिरवट भुकटी लवकर साठते आणि ती दिव्यांपुरता करंट जाऊ देते, मात्र सेल्फपुरता जाऊ देत नाही. टर्मिनल हाताने फिरवून पाहिले आणि ते जरासे जरी हलले, तरी दोष सापडला असे समजायला हरकत नाही. साफ करताना गाडी बंद ठेवून आधी ऋण टर्मिनल सोडवावे, मग धन, आणि परत लावताना उलट क्रम ठेवावा. हा क्रम केवळ रिवाज नाही. गाडीचा सगळा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असल्याने, ऋण टर्मिनल जागेवर असताना धन बोल्ट सोडवणारा पाना चुकून पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने भुकटी घासावी, स्वच्छ ओल्या फडक्याने पुसावी, पूर्ण कोरडे करून टर्मिनल घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. हे मिश्रण बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. हातात अंगठी किंवा कडे असल्यास आधी काढून ठेवावे.

डोळ्यांनी दिसत नाही ते मीटर सांगते. लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांना मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर गाडीत ठेवला, तर आयुष्यात कितीतरी अनावश्यक बिले टळतात असे माझे स्पष्ट मत आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावावा. १२.६ किंवा थोडे अधिक आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर ती उतरलीच आहे. नुकतीच गाडी चालवली असल्यास हा आकडा फसवा असतो, म्हणून दोन मिनिटे हेडलाइट लावून, बंद करून मग मोजावे. त्यानंतर दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून आकडा पुन्हा पाहावा. तो साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी एकतर रिकामी आहे किंवा आतून संपलेली आहे. उभी असताना १२.६ दाखवणारी आणि सेल्फ मारताच आठवर येणारी बॅटरी चार्ज करून उपयोग नसतो, कारण तिच्या सहा सेलपैकी निदान एकाने तरी दम सोडलेला असतो.

सेल्फ मारताना बॅटरी दहाच्या वर टिकून राहत असेल आणि तरीही इंजिन रेंगाळत फिरत असेल, तर वीज वाटेत अडते आहे. माझ्या जुन्या हॅचबॅकच्या बाबतीत हेच झाले होते. एका गॅरेजने आधी बॅटरी आणि मग सेल्फ बदलला, आणि आठवड्याने गाडी पुन्हा तशीच उभी राहिली. शेवटी शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगितले. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसता कामा नये. माझ्या गाडीत तो दोनच्या वर गेला. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून सुटत आली होती. ती काढून, घासून, परत आवळल्यावर गाडीने पहिल्याच फटक्यात पकड घेतली. तेव्हापासून मी कोणताही महागडा भाग बदलण्यापूर्वी ही चाचणी करतोच.

एकच टक् येणाऱ्या गाडीत सेल्फचे ब्रश अडकलेले असल्यास त्याच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलके ठोकल्यावर तो कधीकधी फिरतो. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. हा उपाय एकदोनदाच चालतो; तो चालला म्हणजे दुरुस्ती झाली, असे न मानता गाडी थेट गॅरेजला न्यावी.

दुसऱ्या गाडीची वीज घेताना

जंपर केबलने गाडी सुरू करणे अवघड नाही, पण त्यात क्रम चुकला तर किंमत मोठी असते. केबल जाड असावी, तांब्याचा छेद किमान १६ चौरस मिलिमीटर असावा. सिग्नलवर किंवा सेलमध्ये मिळणाऱ्या बारीक केबल रबराच्या जाडीमुळेच जाड दिसतात आणि पहिल्या प्रयत्नात तापतात. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल, अथवा तिच्याभोवती कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर हा प्रयोग करूच नये.

दोन्ही गाड्या जवळ पण एकमेकींना न टेकता उभ्या कराव्यात आणि दोन्ही बंद ठेवाव्यात. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावे. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावावे, मात्र शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनावरच्या एखाद्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. बॅटरीभोवती हायड्रोजन साठलेला असण्याची शक्यता असते, म्हणून ती ठिणगी बॅटरीपाशी पडू द्यायची नसते. मग चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटे तशीच चालू द्यावी आणि नंतर दुसरीचा सेल्फ मारावा. सुरू झाल्यावर केबल नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात आणि तोपर्यंत दोन टोकांचे चिमटे एकमेकांना लागू देऊ नयेत. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर फ्यूजपासून कंट्रोल युनिटपर्यंत काहीही जाऊ शकते, त्यामुळे अंधारात टॉर्च लावून खुणा दोनदा वाचाव्यात. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडी वीज देणारी म्हणून वापरू नये. मात्र अशा गाडीतही लहान १२ व्होल्ट बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, हे तिच्या मालकाने ध्यानात ठेवावे.

धक्का मारण्याचा उपाय फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी आहे. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, आणि एएमटीलाही, म्हणजे क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीलाही, तो मार्ग नाही. चावी चालू ठेवून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून ठेवावा, गाडीने माणसाच्या धावण्याइतका वेग घेतला की क्लच सोडावा आणि इंजिनाने पकडताच पुन्हा दाबावा. मात्र इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा बूस्टर दोनतीन दाबांत संपतो, म्हणून इमारतीच्या उतरत्या रॅम्पवर हा प्रयोग करणे अत्यंत धोक्याचे आहे. सेल्फ नीट फिरत असताना धक्का मारणे तर निव्वळ निरर्थक, कारण धक्का सेल्फचेच काम करतो. त्यात न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तो खराब होतो, एवढीच भर पडते.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

आता दुसरी वाट. खिडक्या बंद करून, रेडिओ आणि पंखा बंद ठेवून, सेल्फ न मारता चावी चालू करावी. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पेट्रोल पंप पाइपात दाब भरत असतो. आवाज आला नाही तर फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचा नकाशा पाहून पंपाचा फ्यूज काढून तपासावा. आतली तार तुटलेली असल्यास त्याच आकड्याचा फ्यूज लावावा. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० असा रंगांचा संकेत असतो. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावून काम भागवणे म्हणजे वायरिंगला आग लावण्याची सोय करणे होय. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर पुढचे काम इलेक्ट्रिशियनचे. फ्यूज शाबूत असेल तर त्याच डब्यातला हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असल्यास पंपाच्या जागी लावून पाहता येतो.

मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या मालकांचा एक गैरसमज नेहमी दिसतो, की गॅस भरला म्हणजे पेट्रोलची गरज नाही. अलीकडची काही मॉडेल थेट गॅसवर सुरू होतात, पण बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन थोडे तापल्यावर गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने तळाशी ठेवली की उरलेले पेट्रोल शिळे होते आणि पेट्रोलनेच थंड राहणारा पंप कोरडा पडून जळतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात जवळजवळ रिकामी टाकी आणखी वाईट. पाव टाकी ताजे पेट्रोल कायम ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. गाडीजवळ गॅसचा वास येत असेल, तर मात्र चावीला हातच लावू नये. दारे आणि डिकी उघडावी, सिलिंडरची झडप हाताने बंद करता येत असल्यास करावी, दिवे किंवा फोन तिथे न वापरता दूर जावे आणि मेकॅनिकला बोलवावे.

पंप गुणगुणतो, पेट्रोल आहे, तरी इंजिन पकडत नाही आणि सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतो, तर ठिणगी देणारे प्लग पेट्रोलने ओले झालेले असतात. मागची गाडी बाहेर काढायची म्हणून वॉचमन आपली गाडी सुरू करतो, दहा फूट पुढे घेतो आणि लगेच बंद करतो. थंड इंजिनात मुद्दाम जास्त सोडलेले पेट्रोल जळायला वेळच मिळत नाही, आणि असे दोनतीन दिवस झाले की गाडी रुसते. अशा वेळी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून पाचसहा सेकंद सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पूर्ण दाबलेल्या अॅक्सिलरेटरचा अर्थ संगणक ‘पेट्रोल बंद, फक्त हवा’ असा घेतो आणि आतले पेट्रोल निघून जाते. वर पाय काढून ठेवा असे सांगितले, त्याला हा एवढाच अपवाद. वॉचमनला एक सांगून ठेवावे, की गाडी सुरू केली तर निदान तीनचार मिनिटे चालू द्यावी, किंवा न्यूट्रलमध्ये ढकलावी.

कुलूप किंवा चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, किंवा इंजिन पकडून एकदोन सेकंदांत बंद पडले, तर इमोबिलायझरला चावी ओळखता येत नाही. जुडग्यातल्या इतर चिपच्या चाव्या आणि धातूची कव्हर काढून प्रयत्न करावा, मग घरातली दुसरी चावी वापरून पाहावी. पावसात भिजलेली चावी कोरडी होईपर्यंत वाट पाहणेही कधीकधी पुरते.

उंदीरमामांचे प्रकरण वेगळे लिहायला हवे. बाजार, उपाहारगृहे किंवा कचराकुंडी जवळ असलेल्या पार्किंगमध्ये ते इंजिनाच्या उबेला येतात आणि इंजेक्टरच्या किंवा सेन्सरच्या वायरी कुरतडतात. काल रात्री चालू असलेली गाडी आज सेल्फ छान फिरवूनही पकडत नसेल आणि बॉनेटखाली लेंड्या, पोळीचा तुकडा किंवा प्लॅस्टिकचा भुगा दिसला, तर तिथेच शोध थांबवावा. कुरतडलेल्या वायरी चिकटपट्टीने जोडून गाडी चालवू नये, कारण उघडी तार पत्र्याला लागून आग लागू शकते. प्रतिबंध म्हणून खालच्या फटींना बारीक जाळी मारणे खरोखर उपयोगी ठरते. तंबाखूची पाने ठेवण्याचा लोकप्रिय उपाय काही दिवस चालतो आणि नंतर उंदीर त्याला सरावतात, असा माझा अनुभव आहे.

थंड असताना लगेच सुरू होणारी गाडी तासभर वाहतूक कोंडीत तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, अशी तक्रार असेल, तर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरचे नाव मेकॅनिककडे आवर्जून घ्यावे. हा सेन्सर गरम झाल्यावर संदेश देणे थांबवतो आणि थंड होताच निर्दोष दिसतो, म्हणून गॅरेजमध्ये सकाळी तपासल्यास सापडत नाही. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड आला तर संशयाला पुष्टी मिळते. याउलट सेल्फ मारताना इंजिन नेहमीपेक्षा फारच हलके, भिरभिरल्यासारखे फिरत असेल, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता आहे. मग एकदाही सेल्फ मारू नये. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळले तर इंजिन उघडावे लागते.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या चित्राचा दिवा (इंजिन आधी तापवले जात असल्याची खूण) विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. टाकी पूर्ण रिकामी होऊन बंद पडली असल्यास पाइपात हवा शिरते आणि नुसते डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरजवळचा हातपंप असल्यास तो कडक होईपर्यंत दाबावा. बीएस ६ च्या ज्या डिझेल गाड्यांत अॅडब्लूची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असते, त्यांतल्या अनेक गाड्या ती रिकामी झाल्यावर, आधी बऱ्याच सूचना देऊन, सुरू होण्यास नकार देतात.

पाण्यातून आलेली गाडी

वर सांगितलेले सर्व उपाय एका प्रसंगी गुंडाळून ठेवावेत. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे किंवा गांधी मार्केटपाशी तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, अथवा रात्रभर पार्किंगमध्ये पाणी भरले होते, तर सेल्फ मारू नये. एकदा ‘बघू तरी’ म्हणूनही नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ लागला की त्याला वाट मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन धुऊन, प्लग काढून, तेल बदलून जे काम काही हजारांत झाले असते ते मग इंजिनाच्या किमतीवर जाते. साध्या मोटार विम्यात अशा सेल्फ मारण्याने झालेले इंजिनाचे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. पाणी कुठवर चढले होते त्याचे फोटो काढावेत, पाणी ओसरल्यावर बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे आणि गाडी उचलून न्यावी. एअर फिल्टर ओला असेल किंवा तेलाची काठी दुधाळ दिसत असेल, तर पाणी आत गेल्याची खूण समजावी.

गाडीपेक्षा माणूस मोठा, हे इथे शब्दशः घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसे बंद गाड्यांमध्येच दगावली. पाणी दाराच्या खालच्या कडेवर चढू लागले, तर काच आधी खाली करावी आणि गाडी सोडून द्यावी.

सुरू झाल्यानंतर

जंपर लावून सुरू झालेली गाडी लगेच बंद करू नये, पण तिच्यावर विश्वासही ठेवू नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ च्या खाली असल्यास अल्टरनेटर, ज्याला जुने मेकॅनिक डायनामोच म्हणतात, तो वीज भरत नाही, आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरेल. अर्धा तास गाडी फिरवली की बॅटरी भरते, हे मोकळ्या रस्त्यावर काही प्रमाणात खरे आहे. सायन ते दादर अर्धा तास एसी आणि दिवे लावून रांगत गेल्यास जवळजवळ काहीच भरत नाही. बॅटरी काढून चार्जरवर रात्रभर लावणे हाच खात्रीचा मार्ग.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते, त्याचे गणित छोटे आहे. घड्याळ, अलार्म आणि कंट्रोल युनिट मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत जवळपास अर्धी होते. त्यात पार्किंग मोडवरचा डॅशकॅम किंवा बाहेरून लावलेला ट्रॅकर असेल तर आठवडाही पुरतो. मीटर दहा अँपिअरवर ठेवून सुटलेले ऋण टर्मिनल आणि बॅटरी यांच्यामध्ये जोडावा, गाडी बंद करून, लॉक करून अर्धा तास थांबावे आणि आकडा पाहावा. तो ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या सर्किटवर आहे. या जोडणीत सेल्फ मारू नये, नाहीतर मीटरच जाईल. आठवड्यातून एकदा पाऊण तास गाडी खरोखर चालवणे, किंवा महिनाभर बाहेर जाताना ऋण टर्मिनल सोडून ठेवणे, एवढ्यावर भागते. इथल्या उष्म्यात बॅटरी तीनचार वर्षांपेक्षा फार टिकत नाही. ज्या इमारतींत गाड्या यांत्रिक पार्किंगमध्ये एकावर एक ठेवल्या जातात, तिथे तर वय झालेली बॅटरी वेळेवर बदलावी, कारण वरच्या पाळण्यात उतरलेल्या गाडीपर्यंत केबलही पोहोचत नाही आणि शेजाऱ्यांच्या गाड्याही अडकतात.

मेकॅनिकला बोलवताना ‘गाडी बंद आहे’ एवढेच न सांगता सेल्फचा आवाज, दिव्यांचा उजेड, पंपाची गुणगुण, मीटरचे आकडे आणि शेवटी गाडी कधी चालली ते सांगावे. म्हणजे तो योग्य सामान घेऊन येतो. गाडी उचलून न्यावी लागली, तर ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू देऊ नये, सपाट ट्रकवर चढवूनच पाठवावी. टोइंगवाल्याला हे फोनवरच सांगावे, कारण तो नुसता हुकाची गाडी घेऊन आला तर परत पाठवण्याचे भाडेही आपल्यालाच पडते.